यजमान आलेत

"वहिनी, हा फोन घ्या. कुणी माणूस म्हणतोय, तुमचे यजमान आलेत."

वन्सं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. एका हाताने फोन दाबून धरलेला, दुसऱ्या हाताने चौकट. चेहरा पार उतरलेला.

"कुठे आलेत?"

"त्याच्या दुकानात. म्हणतोय, प्रवासात दमलेत, पण पाय शाबूत आहेत. तोंड घट्ट मिटलंय, ती चांगली खूण आहे म्हणे." त्यांनी आवाज खाली आणला. "पिशवीतून आत्ताच बाहेर काढलेत."

माझे यजमान, म्हणजे वन्संचे सख्खे धाकटे भाऊ, न्हाणीघरात दाढी करत होते. नळ वाहत होता, मधूनमधून खाकरणंही ऐकू येत होतं. वन्संनी त्या बंद दाराकडे पाहिलं, मग फोनकडे, मग माझ्याकडे. सगळी नोकरी इस्पितळात काढलेली बाई. 'पाय शाबूत आहेत' असं घरच्यांना कुठल्या प्रसंगी सांगतात, ते त्यांना नेमकं ठाऊक होतं.

मी हसत सुटले. फोन घ्यायचंही भान राहिलं नाही. तेवढ्यात हे गालभर फेस घेऊन बाहेर आले.

"काय झालं? कोण आलंय?"

"तू," वन्सं म्हणाल्या. "पिशवीतून."

सगळा घोटाळा शब्दकोशाचा. शब्दकोश हे ह्यांनी ठेवलेलं नाव. खरं तर तो समुद्री माशांचा दुकानदार. त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीला मराठी शब्द तयार असतो. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेल्या त्या नाचऱ्या माशांना तो विदूषक म्हणतो. दगडाला चिकटून राहणारा, फुलासारखा दिसणारा आणि शेकडो बोटं हलवणारा जो प्राणी असतो, त्याला समुद्रफूल. विदूषक त्या फुलाच्या बोटांत घर करतात, म्हणून ते पाहुणे आणि फूल यजमान. शब्दात खोट काढायला जागा नाही. फक्त आमच्यासारख्या बायकांच्या तोंडी यजमान एकच असतो, आणि तो त्या वेळी दाढी करत होता. त्यातून दुकानात फुलं आली होती तीन, म्हणून 'आलेत'. आमच्या भाषेत अनेकांना आणि आदराच्या एकट्याला क्रियापद एकच.

खाऱ्या पाण्याची ती टाकी माझी. मी दातांच्या दवाखान्यात नोंदणीच्या टेबलाशी बसते. आतून किंकाळी आली की बाहेरच्यांकडे बघून हसायचं आणि 'पुढचे' म्हणायचं, हे माझं काम. अशा नोकरीनंतर माणसाला घरी मुकी जनावरं बरी वाटतात. टाकी सांभाळायला मला कुणी शिकवलं नाही. मीठ कालवत, पाणी नासवत, रडत आणि पुन्हा भरत शिकले. दगड जुने झाले, पाणी स्थिरावलं, तेव्हा कुठे विदूषकांची जोडी आणली. मोठी बाईसाहेब आणि तिच्या मागेमागे फिरणारा छोटा शिपाई. ह्या जातीत सगळे नर म्हणूनच जन्मतात. जोडीतला जो मोठा होतो त्याची मादी होते आणि तीच घर चालवते. हे ऐकून आमचे हे म्हणाले होते, "मग आपल्याकडे वेगळं काय आहे?"

ती जोडी पंपाच्या काळ्या नळीला अंग लावून झोपायची. यजमान नसला की हे मासे मिळेल त्याला घर मानतात, असं शब्दकोश सांगे. त्याच्या एका गिऱ्हाइकाकडे तर काच घासायच्या ब्रशात संसार थाटला होता म्हणे.

आणि वन्सं आमच्याकडे होत्या. इस्पितळाच्या कपडाखोलीत त्यांनी आयुष्य काढलं. चादरी, झगे, हिरवे पडदे; उसवलेलं शिवायचं, विरलेलं बाद करायचं. राहायला कर्मचाऱ्यांच्या खोल्या, एका खोलीत चौघी. सोबतिणी बदलायच्या, वन्संची खाट तीच. लग्न राहून गेलं. आधी वडिलांचं आजारपण, मग भावाचं शिक्षण, मग कुणी विचारेना. निवृत्त झाल्यावर हे जाऊन त्यांना घेऊन आले, आणि त्या आल्या त्या पाहुण्यासारख्याच राहिल्या. फ्रिज उघडायच्या आधी विचारायच्या. दात घासायचा ब्रश न्हाणीघरात ठेवत नसत, घासून झाला की परत आपल्या पिशवीत. सकाळी त्यांच्या पलंगाकडे पाहिलं तर रात्री तिथे कुणी झोपलं होतं, ह्यावर विश्वास बसू नये.

अशात इस्पितळाच्या निवृत्त लोकांच्या इमारतीत एक खोली रिकामी झाली. घ्यायची की नाही ते महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. वन्सं त्यावर चकार शब्द काढत नव्हत्या, आणि त्यांचं न बोलणं म्हणजे काय हे मला कळत होतं. मला त्या जायला नको होत्या. म्हणून मी एक डाव टाकला. घरात आपल्या हातचं काही जिवंत असलं की माणसाचा पाय निघत नाही, असा माझा हिशेब.

"वन्सं," मी डोळे पुसत म्हटलं, "चला माझ्याबरोबर. यजमान तुम्ही पसंत करायचा."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "उशिरा का होईना, कुणी विचारलं."

दुकानात पाऊल टाकलं की आधी पाण्याचा आवाज येतो, मग निळा उजेड. शब्दकोशाने तीन टाक्यांपुढे तीन स्टुलं मांडली होती.

"हा पहिला," तो म्हणाला, "ह्याला मी गालिचा म्हणतो."

खरंच गालिचा होता. ताटाएवढा, हिरवा, पाण्याबरोबर अंगभर थरथरणारा. अशी वस्तू कुणी विणली असती तर आपण हात जोडले असते.

"स्वभाव कसा आहे?" वन्संनी विचारलं.

"तापट. अंगाला लागलं की सोडत नाही. टाकीतला दुसरा मासा जवळून गेला तर खाऊन टाकेल. विदूषक तसे वाचतात, पण चुकून तेही गिळल्याचं ऐकलंय."

"म्हणजे दिसायला राजबिंडा आणि घरच्यांना धाक. नको. असले पुष्कळ पाहिलेत, आमच्या इस्पितळात बायकांना भेटायला यायचे. दुसरा दाखवा."

दुसरा पांढरा होता. स्वच्छ, काचेसारखा, आतून उजेड लागल्यासारखा. वन्सं वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. पांढऱ्यावर आयुष्य गेलेली बाई ती, दुसरं काय बघणार. मलाही तोच आवडला होता.

"हा घेऊ या," मी म्हटलं.

"घेऊ नका," शब्दकोश म्हणाला. "तो पांढरा नाही, उपाशी आहे. ह्याच्या अंगात बारीक शेवाळ राहतं. उजेड खाऊन ते ह्याला जेवू घालतं, रंगही त्याचाच. कुठेतरी अंधारात, गरम पाण्यात ठेवला असणार. शेवाळ निघून गेलं आणि हा असा उरला. लोक येतात, काय सुंदर म्हणतात आणि घेऊन जातात. मग तो मरतो, पाणी नासवतो आणि बाकीच्यांनाही घेऊन जातो."

वन्संनी काचेवर तळवा ठेवला. "मग ह्याचं आता काय?"

"माझ्याकडेच राहील. चांगल्या दिव्याखाली, थोडं थोडं खायला घालून. सावरला तर सावरला."

"आणि मासे? सोबतीला?"

"आत्ता नाही. मासे अंगावर लोळतात, धसमुसळेपणा करतात. ते सोसायलाही अंगात बळ लागतं. एकटा राहिला तर जगेल."

तळवा काढायला वन्संनी वेळ लावला.

तिसरा तपकिरी, चहात बुडवलेल्या पावासारखा. बोटांची टोकं फुगीर, जणू प्रत्येक बोटाला एकेक मणी ओवलेला. पाय दगडाच्या फटीत घट्ट रुतवून बसला होता. शब्दकोशाने काडीच्या टोकाने एका बोटाला स्पर्श केला. बोट काडीला चिकटलं, आणि बाकीची सगळी तिकडे वळली.

"हा साधा आहे. नव्या माणसाकडेही निभावतो. चिकट आहे, म्हणजे तब्येत चांगली. एकच खोड. फिरतो. तुम्ही एका जागी ठेवाल, आवडलं नाही तर पाय उचलून दुसरीकडे जाईल. वाटेत पंप लागला तर आत ओढला जाऊन चिंध्या होतील, म्हणून पंपाच्या तोंडाला जाळी हवी."

"पण हा विदूषकांना घेईल ना घरात?" मी विचारलं.

"त्याने घेण्याचा प्रश्न नसतो, बाई. तो आहे तिथे असतो. जायचं की नाही ते मासे ठरवतात. कधी तासात जातात, कधी वर्षात नाही. मी पैज लावत नाही."

वन्सं सरळ उभ्या राहिल्या, पदर सारखा केला. "रंगाने सावळा, पायाने भटका, स्वभावाने गरीब," त्या म्हणाल्या. "पसंत आहे. बांधा."

घरी आल्यावर वन्संनी आधी पंपाच्या तोंडाची जाळी शिवली. इतके बारीक टाके की शिवणीवर बोट फिरवलं तरी लागू नये. मग पिशवीतल्या पाण्यात टाकीचं पाणी थेंब थेंब सोडायचं काम. खाऱ्या पाण्यातलं जनावर एकदम नव्या पाण्यात घालता येत नाही, सवय करावी लागते. वन्सं नळीशी बसल्या आणि तो थेंब पाहत राहिल्या. "सलाईनसारखं," एवढंच म्हणाल्या.

मी मधल्या मोठ्या दगडावर, समोरून छान दिसेल अशी जागा करून यजमानांना बसवलं. सकाळी पाहिलं तर जागा रिकामी. पाठीमागच्या दगडाच्या सांदीत, अंग आक्रसून, ओल्या पोत्यासारखे पडले होते.

"यजमान रुसले," हे म्हणाले. "मलाही समोर बसवलं की मी असाच आत जातो."

मासे ढुंकून बघेनात. बाईसाहेब आणि शिपाई नळीपाशीच. दिवस गेले. फूल हळूहळू उमललं, सांदीच्या कडेला आलं, बोटं लांब केली, पण त्याच्याकडे पाहुणा फिरकेना. मी दवाखान्यातून आले की आधी टाकीशी जाई. वन्सं तिथे असतच, मांडीवर भावाचा शर्ट, बटण लावत.

"काही नाही?"

"काही नाही. तो जेवतो, झोपतो. ह्या तिकडे राहतात." मग हसून म्हणत, "स्थळ वाईट नाही हो. मुलीच्या मनात नाही."

मला मात्र हसू येत नव्हतं. महिना संपत आला होता. माशांनी फुलात जावं, म्हणजे वन्सं राहतील, असं काहीतरी खुळ्यासारखं माझ्या मनाने घेतलं होतं. ह्याला तर्क नाही हे मला कळत होतं. तरी मी टाकीसमोर उभी राहून बाईसाहेबांना विनवत होते, अगं, जा की एकदा.

त्या दिवशी मला सुट्टी होती. जेवणं झाली होती, हे कामावर. दुपारच्या त्या सुस्त वेळी वन्सं हळूच म्हणाल्या, "वहिनी. आवाज न करता या."

बाईसाहेब नळी सोडून आली होती. फुलापासून वीतभर अंतरावर थांबून अंग थरथरवत होती. मग सरळ गेली आणि शेपटीचं टोक एका बोटाला लावलं. क्षणात झटका बसल्यासारखी मागे उडाली. डंख बसला होता. त्या प्रत्येक बोटात विषाच्या बारीक सुया असतात.

"संपलं," मी पुटपुटले.

"थांबा हो."

ती पुन्हा गेली. ह्या वेळी पोटाची कड टेकवली आणि पळाली. पुन्हा गेली. शेपटी, पोट, एक बाजू, दुसरी बाजू. लागलं की उडायची, उडाली की परत यायची. प्रत्येक खेपेला केसभर जास्त वेळ थांबायची. आम्ही दोघी जमिनीवर बसलो. म्हणतात की अशा घासण्याने माशाच्या अंगावर लेप चढतो, आणि मग फुलाला तो परका वाटत नाही. वाचलेलं होतं मी. पण वाचणं वेगळं.

मला काय वाटलं ते सांगता येणं कठीण आहे. हा मासा समुद्रात जन्मलेला नव्हता. दुकानातल्या टाकीत जन्मला, त्याची आईही तिथलीच. आयुष्यात त्याने समुद्रफूल पाहिलं नव्हतं, कुणी दाखवलं नव्हतं. त्याला पाठीला पाठ लावून झोपायला पंपाची नळी तेवढी माहीत. मग हे घासणं, हे माघार घेणं, हा धीर कुणी शिकवला? आणि समोर ते फूल. त्याला डोळे नाहीत, हाडं नाहीत, मेंदू नाही. तरी ते दर वेळी किंचित कमी आवळत होतं. आमच्या बैठकीच्या खोलीत, सोफा आणि इस्त्रीच्या टेबलाच्या मधे, माणसाच्याही कितीतरी आधीचं काहीतरी चाललं होतं आणि आम्ही दोघी त्यात बिनबोलावता बसलो होतो. देवळातही माझे हात इतके आपोआप जुळले नव्हते.

उन्हं सोफ्यावरून भिंतीवर गेली. मग बाईसाहेब एकदा आली आणि मागे उडाली नाही. डोकं खुपसलं, अंग वळवलं, आणि बोटांच्या त्या झुबक्यात दिसेनाशी झाली. फूल मिटलं. वन्संचा हात माझ्या मनगटावर होता, चांगला आवळलेला. फूल उघडलं आणि त्याच्या ऐन मध्यावर बाईसाहेब आडवी पडली होती, एक डोळा वर, आळसावलेली, जन्मभर तिथेच झोपत आल्यासारखी.

थोड्या वेळाने मी पाण्यात कोळंबीचा तुकडा सोडला. तिने तो तोंडात धरला, खाल्ला नाही. फुलाकडे नेऊन त्याच्या बोटांत ठेवला.

"जमलं," मी म्हटलं. "वन्सं, जमलं बघा."

"हो," त्या म्हणाल्या. "तिचं जमलं."

त्यांची नजर काचेवरून हलली नव्हती. हात पुन्हा माझ्या मनगटावर.

"वहिनी, मी ती खोली घेते."

मी त्यांच्याकडे वळले.

"तुम्ही मला अडकवायला हे आणलंत, ते कळलं होतं मला. दुकानातच कळलं. वाईट नाही वाटलं. मला अडकवून ठेवावं असं कधी कुणाला वाटलंच नव्हतं." त्या हसल्या. "पण दुपारभर डंख खाल्ले हो तिने. तुम्ही डंख मारता असं नाही. तुमच्याकडे सगळं मायेचं आहे. पण कपाट कुठलं उघडायचं, चहा कधी मागायचा, भावाशी किती बोलायचं, भावजयीच्या घरात आवाज किती करायचा. रोज जरा घासायचं, जरा मागे यायचं. ती तरुण आहे. माझ्या अंगात आता तेवढा दम नाही."

"आमचं काही चुकलं का?"

"चुकलं असतं तर बरं होतं. रागावून जाता आलं असतं."

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. ते ताटावर बसले होते. घास तसाच हातात.

"ताई, काही कमी पडलं?"

"कमी नाही रे. पुष्कळ होतं." वन्संनी त्यांच्या पानात भाजी वाढली. "जेव. तुझा शर्ट झालाय, कपाटात लावलाय."

हे मान खाली घालून जेवले. माझ्याकडे त्यांनी एकदाच पाहिलं, मी काहीतरी करीन अशा आशेने. माझ्यापाशी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी दुपारी जे पाहिलं होतं त्यानंतर एखाद्याला तू जा किंवा जाऊ नको म्हणण्याची माझी छाती होत नव्हती.

पुढच्या महिन्यात एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. तिसरा मजला, एक खिडकी, एक पलंग, एक खुर्ची, कोपऱ्यात गॅस. टॉवेल दोरीवर पसरलेला, पलंगावरची चादर चुरगळलेली. खिडकीच्या कट्ट्यावर पेल्यात दात घासायचा ब्रश, उघड्यावर. मी खुर्चीकडे वळले.

"तिथे नको, ती माझी आहे," वन्सं म्हणाल्या. "तुम्ही पलंगावर बसा."

बसले. मी टाकीच्या बातम्या सांगितल्या. शिपाईही आता फुलात जातो, पण बाईसाहेब त्याला कडेलाच झोपवते. त्यांनी ऐकलं, हसल्याही, पण लक्ष अर्धं गॅसकडे होतं. त्यांनी चहा केला. साखर किती ते मला विचारलं नाही, त्यांना हवी तेवढी घातली. चांगलाच गोड होता. मग शेजारणीचं गाऱ्हाणं झालं, खिडकीची कडी कशी बसवून घेतली ते झालं, आणि मी जे विचारायला गेले होते, करमतं का, ते विचारायचं राहूनच गेलं. कप विसळायला उठले तर त्यांनी माझ्या हातातून कप काढून घेतला.

"राहू दे. आता नीघ तू. मला भाजी निवडायचीय."

मला घालवत होत्या. हसतमुखाने, दार उघडून धरून. मी चपला घातल्या. दार लागलं आणि आतून कडी सरकली, सावकाश, शेवटपर्यंत.

मला 'तू' म्हणाल्या, हे जिन्यात लक्षात आलं. मी थांबून वर पाहिलं, तेवढ्यात बंद दारामागून शिंक आली. खणखणीत, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी. त्यामागून दुसरी. इतकी वर्षं झाली नात्याला, आणि वन्संची शिंक मी कधी ऐकलीच नव्हती.